वानगीवाचून माल घेऊ नये
(खेळ आणि चित्रकाम यांसाठी लॅपटॉप निवडताना आलेला अनुभव)

धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीसएक वर्षे घालविलेल्या माणसास एक खोड जडते. पोत्यावर कोणताही शिक्का असो आणि दलाल कितीही गोड बोलो, गोणीच्या पोटातून मूठभर दाणे तळहातावर आल्यावाचून त्याच्या तोंडून भाव निघत नाही. दाणा दाताखाली फोडून ओल पाहावी, कणी किती ते चाळावे, वास घ्यावा, आणि मगच सौदा करावा. यालाच आपण वानगी पाहणे म्हणतो. तांदूळ असो, तूर असो वा मूग असो, आम्ही हा नियम कधी मोडला नाही. परंतु २०२२ सालच्या पावसाळ्यात आमच्या नातीसाठी लॅपटॉप घेताना आम्ही तो साफ विसरलो. त्या विस्मरणाची झळ आम्हांला पैशांत लागली. तिला मात्र रात्री जागून ती सोसावी लागली. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळींचा आग्रह पडला, तेव्हा व्यापाराविषयी उपदेश करण्यापेक्षा आपली ही चूकच बांधवांपुढे मांडावी असे मनाने घेतले.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच घराघरांत आहे. पूर्वी आपली मुले मॅट्रिक झाली की पेढीवर बसत. आता तसे राहिलेले नाही. मोप येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि पेडणे तालुक्यात बांधकामांची व हॉटेलांची रीघ लागली. डिचोलीच्या बाजूस २०१८ साली खाणी बंद पडल्यानंतर अनेक घरांतील तरुणांनी निराळे उद्योग शोधले. पणजीस १९७२ पासून कला महाविद्यालय आणि १९८२ पासून वास्तुशास्त्राचे महाविद्यालय आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. त्यामुळे चित्रपटाचे संकलन आणि सचेतपट यांची ओढ मुलांना लागली आहे. या सर्व विद्यांना समर्थ संगणक लागतो, आणि तो घेऊन देण्याची वेळ शेवटी वडीलधाऱ्यांवर येते.

पोत्यावरचा शिक्का

आमच्या नातीस वास्तुशास्त्रास प्रवेश मिळाला त्या आनंदात आम्ही तिला घेऊन दुकानात गेलो. दुकानदारास विचारले, “यांतला सर्वांत चांगला कोणता?” त्याने एक सडपातळ, चकचकीत यंत्र पुढे केले. त्यावर ‘आय सात’ असे लिहिले होते. शेजारच्यावर ‘आय पाच’ होते. पाचापेक्षा सात मोठे, हा हिशेब आम्हांला लगेच पटला. ६२,००० रुपये मोजून आम्ही घरी आलो.

नातीने निघताना आमच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारून तिने काय काय असावे ते लिहून आणले होते. ‘वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे’ ही त्यातील पहिलीच ओळ. आम्ही ती दुकानदारास वाचून दाखविताच तो हसून म्हणाला, “ते गेम खेळणाऱ्या पोरांसाठी असते हो!” खेळ हा शब्द ऐकताच आमचे मन विटले. चिठ्ठी घडी घालून खिशात गेली. नात काही बोलली नाही.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. २०२४ साली तिसऱ्या वर्षात तिने अभ्यासासाठी विषय निवडला तो डिचोली तालुक्यातील कुडणे येथील प्राचीन जैन मंदिराच्या अवशेषांचा. बांदिवड्याची नेमिनाथ बस्ती, नार्वे येथील जैनकोट आणि हे कुडणे, एवढीच काय ती गोव्यातील आपल्या पूर्वजांच्या वैभवाची ठळक साक्ष उरली आहे. पडलेल्या भिंतींची मापे घेऊन मूळ मंदिर कसे उभे असेल ते संगणकावर रचून दाखवावे, असा तिचा संकल्प होता. आम्हांस किती आनंद झाला ते सांगावयास नको. सुटीच्या दिवशी आम्ही स्वतः तिच्याबरोबर गेलो आणि फितीचे एक टोक धरून उभे राहिलो.

परंतु ते मंदिर त्या यंत्रावर उभे राहीना. दगडांचा पोत, छायाप्रकाश आणि शिखराचे थर घालताच पडदा गोठून जाई. एक चित्र पूर्ण व्हावयास सबंध रात्र लागे आणि पहाटे यंत्र आपोआप बंद पडलेले आढळे. शेवटी ती पणजीस मैत्रिणीच्या घरी जाऊन, मैत्रीण झोपल्यावर तिच्या यंत्रावर काम करू लागली. सादर करण्याच्या दिवशी निम्मीच चित्रे तयार होती. त्या रात्री आम्ही तिला विचारले, “यंत्र वाईट निघाले तर सांगितले का नाहीस, बाळ?” ती म्हणाली, “आजोबा, यंत्र वाईट नाही. ते या कामाचे नाही. मी चिठ्ठी दिली होती ना तुम्हांला.”

ती चिठ्ठी आमच्या जुन्या रोजनिशीत तशीच सापडली. ज्या माणसाने आयुष्यभर दलालाच्या शब्दापेक्षा दाण्यावर विश्वास ठेवला, त्याने येथे दलालाचा शब्द मानला आणि वानगी खिशात घातली!

मग मात्र आम्ही या मालाचा अभ्यास करण्याचे ठरविले. जे समजले ते व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो.

मुनीम आणि हमाल

संगणकात काम करणारे दोघे असतात. एक प्रोसेसर, तो आपला मुनीम. हुशार, अनेक प्रकारची कामे जाणणारा, पण संख्येने थोडा. दुसरे ग्राफिक्स कार्ड. ती हमालांची टोळी. प्रत्येकाचे काम अगदी साधे, परंतु टोळी हजारोंची. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. हालते चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावयाचे म्हटले तर सेकंदास १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम मुनिमावर सोपविणे म्हणजे गाडीभर पोती उतरविण्यास मुनिमास उभे करण्यासारखे आहे. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपच्या कार्डात असे ३,०७२ छोटे गणक एकाच वेळी राबतात.

साध्या लॅपटॉपमध्ये वेगळे कार्ड नसते. मुनिमाच्या हाताखालीच चारदोन पोरे असतात. हिशेब, पत्रव्यवहार आणि चित्रपट पाहणे यांस ती पुरतात. परंतु वास्तूचे त्रिमित चित्र आणि आजकालचे खेळ या दोहोंना टोळीच लागते. म्हणूनच खेळाचा म्हणून विकला जाणारा लॅपटॉप वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यासही चालतो. दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे होते, आणि व्यापारात अर्धे सत्यच अधिक बुडविते.

आता त्या ‘आय सात’चे रहस्य. आम्ही घेतला तो इंटेलचा आय७-१२५५यू. शेवटचे ‘यू’ अक्षर कमी वीज खाणाऱ्या जातीचे. मूळ मर्यादा १५ वॅट. त्यात दोन सशक्त आणि आठ साधी गाभायंत्रे. शेजारी जो ‘पाच’ होता तो आय५-१२५००एच. ‘एच’ म्हणजे अधिक शक्तीची जात, ४५ वॅट, चार सशक्त आणि आठ साधी. जड कामात हा पाच त्या साताला मागे टाकतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकली. उपयोगाच्या वेळी आठवली नाही. अर्थात ‘यू’ जात टाकाऊ नव्हे. तिची बॅटरी जास्त वेळ टिकते आणि वजन कमी असते. ज्याचे काम हलके आहे त्याला तीच योग्य.

एएमडी कंपनीच्या रायझेनमध्येही असेच पाहावे. तिच्या ७००० या लॅपटॉप मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक आतील रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२०यू यातील तिसरा अंक दोन. ती रचना प्रथम २०१९ साली आलेली. ७६४०एचएस यातील तिसरा अंक चार. ती २०२२ सालची. दोहोंच्या आरंभी सातच, दोन्ही ‘रायझेन ५’च. जुने धान्य नव्या गोणीत भरणे आपल्याच धंद्यात होते असे नाही.

एकच नाव, निराळे वजन

ग्राफिक्स कार्डाच्या अंकांचा अर्थ समजून घेणे सोपे आहे. एनव्हिडियाच्या ४०५० आणि ४०६० यांत पहिले दोन अंक म्हणजे पीक कोणत्या हंगामाचे, आणि शेवटचे दोन म्हणजे प्रत. ३० ची मालिका लॅपटॉपमध्ये २०२१ साली आली, ४० ची २०२३ साली, ५० ची २०२५ साली. नवे पीक नेहमी चांगलेच असे नाही; गेल्या हंगामाची वरची प्रत नव्या हंगामाच्या खालच्या प्रतीस भारी पडू शकते. जुन्या तांदळाची किंमत आपणांस ठाऊक आहेच.

परंतु येथे एक खुबी आहे, आणि ती बहुतेक गिऱ्हाइकांस कळत नाही. एकाच नावाचे कार्ड निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या विजेवर चालविले जाते. ४०६० या कार्डास ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मोकळीक कंपनीने ठेवली आहे. पातळ व देखण्या यंत्रात उष्णता बाहेर काढण्यास जागा नसते, म्हणून तेथे वीज कमी. जाड यंत्रात ती पूर्ण. कार्डाचे नाव तेच, पण काम पाऊण किंवा त्याहूनही कमी. आपल्याकडे किलोग्रॅम येण्यापूर्वी मापाचे नाव तेच असूनही गावोगाव त्यात फरक पडे. तसाच हा प्रकार. मापात पाप नको असेल तर कार्डाच्या नावाबरोबर वॅट विचारलेच पाहिजेत. हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो; एनव्हिडियाच्या नियंत्रण पॅनेलमध्ये प्रणालीविषयक माहितीच्या पानावरही दिसतो.

टेबलावरच्या संगणकाचे कार्ड आणि लॅपटॉपचे कार्ड यांचे नाव एकच असले म्हणजे माल एकच, हाही भ्रम आहे. ४०९० या नावाचे टेबलावरील कार्ड २४ जीबी स्मृतीचे आहे. लॅपटॉपमधील त्याच नावाचे कार्ड निराळ्या, लहान चिपवर बांधलेले असून त्याची स्मृती १६ जीबी आहे. म्हणून ज्यास यंत्र उचलून न्यावयाचे नाही त्याने टेबलावरचा संगणकच घ्यावा. तेवढ्याच पैशांत शक्ती अधिक मिळते आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. आमच्या नातीस घर ते पणजी ये-जा करावयाची असल्याने लॅपटॉपवाचून गत्यंतर नव्हते.

गोदाम, ओटा आणि काटा

स्मृती तीन ठिकाणी असते आणि तिन्हींची गल्लत होते. एसएसडी म्हणजे गोदाम. माल तेथे साठतो. रॅम म्हणजे दुकानाचा ओटा. आज विकावयाचा माल तेथे मांडतो. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती म्हणजे काट्याजवळची जागा. हमालांच्या हाताशी असलेला माल. गोदाम कितीही मोठे असले तरी ओटा लहान असेल तर गिऱ्हाईक ताटकळते.

आजच्या कामास रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. काही सडपातळ यंत्रांत रॅम पाटीवरच डाकविलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. आमच्या पहिल्या यंत्रात ८ जीबी होती आणि तीही डाकविलेली, त्यामुळे दुरुस्तीचा मार्गच खुंटला. ‘आता कमी घेऊ, पुढे वाढवू’ असे म्हणणाऱ्यांनी बाजाराचा रंगही पाहावा. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढल्याने स्मृतीच्या चिपांत मोठी तेजी आली. धान्याची तेजी पुढच्या पिकाने उतरते, चिपांचे कारखाने मात्र एका हंगामात उभे राहत नाहीत. रॅम एकाच पट्टीची आहे की दोन पट्ट्यांची तेही विचारावे. दोन पट्ट्या म्हणजे गोदामास दोन दारे.

कार्डाची स्मृती ४ जीबी असेल तर आजच्या त्रिमित कामास ती लवकरच अपुरी पडते. ४०५० मध्ये ती ६ जीबी आणि ४०६० मध्ये ८ जीबी आहे. मंदिराचे प्रत्येक दगडी पोत त्या जागेत मावले तरच काम झपाट्याने होते. न मावल्यास हमालांना प्रत्येक पोत्यासाठी ओट्यापर्यंत हेलपाटा पडतो.

गोदामाविषयी एक खुलासा. ५१२ जीबीचा एसएसडी घेतला आणि संगणकावर ४७६ दिसले तर दुकानदाराने ठकविले असे समजू नये. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. तूट नाही, दोन मापे आहेत. आम्ही मात्र त्यावरून दुकानदारास फोन करून चार शब्द सुनावले होते. पुढे समजल्यावर क्षमा मागितली.

पडद्यावरचा उकडा तांदूळ

पडदा हा भाग लोक सर्वांत कमी पाहतात. खेळणाऱ्यांस वेग हवा असतो. त्यांच्यासाठी सेकंदाला १४४ वेळा बदलणारे पडदे येतात. चित्रकाम करणाऱ्यास रंगाचा खरेपणा हवा. स्वस्त खेळयंत्रांत पडदा वेगवान असला तरी रंग फिके असतात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल तर चित्रकामास तो घेऊ नये. ‘१०० टक्के एसआरजीबी’ पाहावा.

दुसऱ्या खेपेस आम्ही दुकानात एक साधा प्रयोग केला. आपल्याकडचा लाल उकडा तांदूळ मुठीत घेऊन गेलो होतो. त्याचे छायाचित्र दोन यंत्रांवर उघडले आणि दाणे पडद्याशेजारी धरले. एका पडद्यावर दाणा दाण्यासारखा दिसला. दुसऱ्यावर तो मळकट, पिंगट झाला. असा तांदूळ आम्ही आमच्या गोदामात उतरू दिला नसता! दुकानातील मुले हसली, पण नातीने निमूटपणे पहिल्या यंत्राकडे बोट दाखविले.

खरी वानगी

वानगी पाहावयाची ती अशी. आपले नेहमीचे काम एका पेन ड्राइव्हमध्ये न्यावे आणि तेच काम प्रत्येक यंत्रावर, विजेला जोडून, निदान अर्धा तास चालवून पाहावे. पहिली पाच मिनिटे सारेच घोडे धावतात. नंतर यंत्र तापते आणि जीव वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. आम्ही गेलो त्या पहिल्या दुकानाने असे करू देण्यास नकार दिला. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. दुसऱ्याने परवानगी दिली. नातीने कुडण्याच्या मंदिराचे एकच चित्र दोन यंत्रांवर चारचार वेळा काढले. कार्ड दोन्हींत ४०६०. पातळ यंत्रास पहिल्या वेळी नऊ मिनिटे लागली आणि चौथ्या वेळी बारा. जाड यंत्रास पहिल्या वेळी आठ आणि चौथ्या वेळीही साडेआठच. ज्याने दुकानात धापा टाकल्या त्याने घरी काय केले असते? आम्ही जाड यंत्र घेतले. त्याचा पंखा मोठ्याने वाजतो, वजन अडीच किलोच्या घरात आहे आणि विजेवाचून दोन-अडीच तासांपलीकडे चालत नाही. हे दोष पाहून घेतले, म्हणून त्यांची तक्रार नाही.

ॲपलच्या यंत्रांविषयी पुष्कळजण विचारतात. २०२० च्या नोव्हेंबरात त्या कंपनीने स्वतःची एम १ चिप आणली. तेव्हापासून तिचे लॅपटॉप थंड, निःशब्द आणि बॅटरीस टिकाऊ झाले आहेत. चित्रपट-संकलनास ते उत्तम. परंतु रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, ल्युमियन ही वास्तुशास्त्रातील नेहमीची साधने केवळ विंडोजसाठी आहेत, आणि खेळही त्यावर थोडे. आधी काम कोणत्या साधनाने होणार ते शिक्षकांस विचारावे आणि मग यंत्र ठरवावे. जुने यंत्र स्वस्तात घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दमट हवा आणि कोंडा

आपल्या गोव्याची हवा दमट, पावसाळा चार महिन्यांचा आणि गडगडाटात वीज जाणे नित्याचे. वादळ सुरू होताच यंत्राची तार भिंतीतून काढावी. बरेच दिवस वापर नसला तरी आठवड्यातून एकदोनदा ते चालवावे, म्हणजे आतील ओल निघून जाते. यंत्र बहुधा खालच्या बाजूने हवा ओढते. म्हणून गादीवर वा मांडीवर ठेवून जड काम करू नये. आम्ही पहिले यंत्र काही दिवस पेढीवर ठेवले होते. धान्याचा कोंडा पंख्यात जाऊन तो इतका भरला की उघडणाऱ्या कारागिराने आम्हांस चिमूटभर भुसा कागदावर काढून दाखविला. पेढीवरच्या बांधवांनी वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. हमीपत्र घेताना कारागीर घरी येतो की यंत्र शहरात न्यावे लागते, तेही लेखी पाहावे. आपण तालुक्याच्या गावी राहतो.

कोणास काय लागते याचा थोडक्यात तक्ता असा. हिशेब, वस्तू व सेवा कराची विवरणे आणि वाणिज्य शाखेचा अभ्यास यांस वेगळ्या कार्डाची गरज नाही. १६ जीबीचे साधे यंत्र पुरे. जाहिराती आणि छायाचित्रे यांस खऱ्या रंगाचा पडदा प्रथम, कार्ड नंतर. वास्तुशास्त्र, त्रिमित रचना आणि सचेतपट यांस ८ जीबी स्मृतीचे कार्ड, पुऱ्या वॅटचे. ज्यास केवळ खेळावयाचे आहे त्याने ६ जीबीत समाधान मानावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे येथेही खरे.

बिल कोणाच्या नावे

दुसऱ्या यंत्राची किंमत ९६,००० रुपये झाली. त्यात १८ टक्के कर, म्हणजे सुमारे १४,६४४ रुपये. दुकानदाराने सहज विचारले, “शेठ, पेढीच्या जीएसटी क्रमांकावर बिल करू? कर वळता होईल.” क्षणभर आमचेही मन चळले हे कबूल करतो. परंतु कायद्याने स्वतःच्या उपभोगाच्या वस्तूवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही, आणि नातीचे शिक्षण हा पेढीचा व्यवहार नव्हे. अचौर्याचे अणुव्रत वर्षातून एकदा व्याख्यानात ऐकणे सोपे; ते खऱ्या कसोटीस लागते ते अशा चौदा हजारांपाशी. नात शेजारी उभी होती. बिल आमच्या नावे झाले.

पिठाचा कोंबडा

आता खेळांविषयी. यंत्र घरात येताच आमचा चौदा वर्षांचा नातू त्याच्याभोवती घुटमळू लागला. सुटीत बहिणीने परवानगी दिली आणि पडद्यावर बंदुका कडाडू लागल्या. आम्ही त्यास जवळ घेऊन यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींच्या यशस्तिलकचंपूत, इ. स. ९५९ च्या त्या ग्रंथात, ती विस्ताराने आली आहे. राजाने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला, पण मातेच्या आग्रहास्तव देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. आणि केवळ त्या संकल्पाने मायलेकांस कित्येक जन्म पशुयोनीत काढावे लागले. नातू म्हणाला, “पण आजोबा, बुद्धिबळातसुद्धा प्यादे मारतातच ना?”

आम्ही निरुत्तर झालो. दोन दिवस विचार केला. मग त्यास सांगितले, “प्यादे मारताना तुझ्या मनात डाव असतो. या खेळात समोरचा तडफडतो ते पाहून तू ओरडतोस. कोणता खेळ खेळताना मनात काय उठते ते तूच पाहा आणि तूच ठरव.” त्याने बंदुकांचे दोन खेळ काढून टाकले, एक ठेवला. मोटारींचे आणि नगररचनेचे खेळ खेळतो. आमचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही, परंतु हुकमाने काढविले असते तर ते दुसऱ्याच्या घरी खेळले गेले असते. रात्रिभोजनत्यागास जशी वेळ ठरलेली असते तशी यंत्रासही ठरविली आहे: रात्री नऊनंतर खेळ नाही, आणि पर्वाच्या दिवसांत केवळ अभ्यास. पैसे लावून खेळण्याच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून अशा आभासी जुगारास बंदी केली. मांडवीत कॅसिनोंच्या बोटी नांगरलेल्या असलेल्या प्रदेशात आपल्या मुलांस हा भेद घरातच शिकविला पाहिजे.

नातीने ते काम पुन्हा हाती घेतले. गुण तर गेलेच होते. पण शिक्षकांनी पूर्ण चित्रे पाहावयाचे कबूल केले. एके दिवशी संध्याकाळी तिने आम्हांस बोलाविले. पडद्यावर कुडण्याचे मंदिर उभे होते: जांभ्या दगडाच्या भिंती, वर शिखर आणि दारातून गर्भगृहात पडलेला तिरपा उजेड. जेथे आम्ही फीत धरून गवतात उभे होतो ती जागा आम्ही ओळखली. नात म्हणाली, “यातले बरेचसे माझे अनुमान आहे, आजोबा. खरे किती ते शास्त्रज्ञ सांगतील.” आम्हांस तिच्या त्या वाक्याचा चित्रापेक्षाही अभिमान वाटला, मालात जेवढे आहे तेवढेच सांगणारी ती आमच्या घराण्यात शोभते.

बांधवांस एवढेच विनवावयाचे आहे. यंत्र घेण्यापूर्वी ज्याला ते वापरावयाचे आहे त्याची चिठ्ठी वाचा. ती खिशात घालू नका. वानगी पाहण्याची विद्या आपणांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचा उपयोग मुलांसाठीही करावा.

जय जिनेंद्र.